घरून काम : नवशिक्या बायकांसाठी प्राथमिक धडे

अभिनंदन! तुम्हाला घरून काम करायची परवानगी मिळाली. म्हणजे ऑफिसची. घरच्यांची अजून मिळायची आहे.

आधी जागा ठरवा. टू बीएचकेत एक खोली सासूसासऱ्यांची, दुसऱ्या खोलीतलं टेबल नवऱ्याचं. तेव्हा डायनिंग टेबलाचं एक टोक पकडा. दुसऱ्या टोकाला मेथी निवडायला कुणीतरी येणारच. चार्जर मिक्सरच्या शेजारी लावावा लागतो, आणि चटणी नेमकी तुमच्या प्रेझेंटेशनच्या वेळी वाटायची असते. व्हिडिओ कॉलच्या पार्श्वभूमीला समुद्रकिनारा लावू नका. मी लावला होता. मागून सासरे पंचा गुंडाळून गेले आणि किनारा फारच अस्सल वाटला.

आता कुटुंबसंवाद. "मी कामात आहे" हे वाक्य घरात कुणालाच ऐकू जात नाही. "मीटिंग चालू आहे" थोडंफार जातं. त्यावर उत्तर येतं, "हो हो, तू बोल गं, फक्त मोहरी कुठंय तेवढं सांग." मोहरी अकरा वर्षं फोडणीच्या डब्यातच आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचं खातंही तुमच्याचकडे. एकदा क्लायंटनं विचारलं, "किती आठवडे लागतील?" मी म्हणाले, "तीन झाल्या, बंद करा." पलीकडे बराच वेळ शांतता होती.

सिलेंडरचा धडा जरा अवघड आहे. सिलेंडर घेताना मोबाइलवर आलेला कोड सांगावा लागतो. मोबाइल नंबर नवऱ्याचा नोंदवलेला, नवरा ऑफिसात, सिलेंडरवाला दारात आणि तुमचा कॅमेरा चालू. नवरा फोन उचलत नाही, कारण तो मीटिंगमध्ये आहे. त्याच्या मीटिंगला घरात सगळे मीटिंगच म्हणतात.

कुरिअर, इस्त्रीवाला, शेजारच्यांचं पार्सल यांची वेगळी तयारी नको. "तू घरीच असतेस ना" एवढं ऐकायची सवय करा, पुरे.

कामाचा आणि घराचा समतोल कसा साधावा, हे सगळ्याच जणी विचारतात. सरकारनं देशभर केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात 2019 साली घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती, पुरुषांची 97. 2024 मध्ये बायकांची 289 झाली, पुरुषांची 88. पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली, त्यांची नऊ. समतोल साधला आहे तो एवढाच.

शेवटचा धडा निरीक्षणाचा. आठवड्यातून एक दिवस नवराही घरून काम करतो. आमच्याकडे बुधवार. त्या दिवशी आई टीव्हीचा आवाज आपणहून कमी करतात. बेल वाजली की सासरे उठतात. लेक चवड्यांवर चालते आणि "बाबा कामात आहेत" असं पाहुण्यांना बजावते. मोहरी ज्याची त्याला सापडते. घर तेच, वायफायही तेच; फरक काय तो बंद दाराचा असावा, असं मला वाटलं.

म्हणून गेल्या बुधवारी मी लॅपटॉप आणि खुर्ची घेऊन त्याच्याच खोलीत जाऊन बसले, दार लावून घेतलं. साडेअकराला आईंनी हळूच दार ढकलून चहा आणून ठेवला.

एकच कप.