भाद्रपदात मोजा हो!

सिंधुदुर्गाची लोकसंख्या किती, असे विचारणाऱ्याने आधी तिथी सांगावी. २०११च्या जनगणनेत ती भरली ८,४९,६५१. त्याआधी, २००१ला, ती होती ८,६८,८२५. त्या दहा वर्षांत महाराष्ट्र जवळपास सोळा टक्क्यांनी फुगला आणि हा जिल्हा एकोणीस हजारांनी रोडावला. कुटुंबकल्याणवाल्यांनी हार घालावेत असाच पराक्रम. पण पराक्रमी मंडळी हार घ्यायला घरी होती कुठे? ती होती लालबागला, दिव्याला नि नालासोपाऱ्याला.

दोष द्यायचा तर फेब्रुवारीला द्यावा. प्रगणक दारोदार फिरले ते ९ ते २८ फेब्रुवारीत, म्हणजे चाकरमानी कामावर, घराला कुलूप आणि किल्ली शेजारच्या काकीकडे. हेच काम गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री कुडाळ-कणकवलीच्या फलाटावर उरकले असते, तर दशकाची तूट काही गाड्यांतच भरून निघाली असती.

याच जनगणनेने जिल्ह्याला एक शाबासकीही दिली. हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया! भाषणांत हा आकडा अजून मिरवतो. सहा वर्षांखालच्या पोरांत मात्र मुलगेच जास्त. म्हणजे स्त्रिया वाढल्या नव्हत्या, पुरुष गाडीत बसले होते.

माणसे रोडावली तसे आमदारही रोडावले. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ला चाराचे तीन झाले आणि राजापूरचा लोकसभा मतदारसंघ नकाशावरून गेला. तालुके मात्र आठ. १९८१ला रत्नागिरीपासून वेगळा झालेला हा जिल्हा कचेऱ्यांच्या बाबतीत अजून वाढत्या वयाचा आहे.

खरी लोकसंख्या पाहायची तर सातबारा उघडावा. चार गुंठ्यांचे भरड, त्यावर दोन कलमे आणि वर तीस-पस्तीस नावे. आजोबा आहेत, आजोबांचे निपुत्रिक भाऊ आहेत, लग्न होऊन घाटावर गेलेली आत्या आहे. निम्मी मंडळी कधीच देवाघरी गेली. पण वारस नोंद झालेली नाही, तोवर त्यांना जिल्हा सोडता येत नाही. फेरफार मंजूर होईपर्यंत अर्जदारही त्याच रांगेत जाऊन बसण्याची शक्यता असते. जन्मदर काहीही असो, या रकान्यात घट नाही.

दुसरी भर पडते मुख्यालयी राहणाऱ्या कर्मचाऱ्यांची. घरभाडे भत्ता हवा तर कर्मचारी गावातच राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडा, असे शासनाने २०१९ला सांगितले. आणि ठराव होतात. ज्याच्या मोटारसायकलची वाट गाव सकाळी अकरापर्यंत पाहते, तो ठरावात कायमचा रहिवासी असतो. आणि जो इथला मूळ रहिवासी, तो विरारच्या लोकलमध्ये लोंबकळत असतो.

मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते. गावकरी भराडी देवीचा कौल घेऊन ती ठरवतात, तरी जत्रा दरवर्षी होते. करोनातही ती आंगणे मंडळींपुरती पार पडली. २०२१च्या जनगणनेची तारीख राजपत्रात छापली होती. ती जनगणना झालीच नाही. त्यामुळे धान्याचा कोटा आजही त्या २०११च्या फेब्रुवारीवरच बेतलेला आहे. कौल कुठे लावायला हवा, हे दिल्लीला एखाद्या मालवणी माणसाने सांगायला हरकत नव्हती.

आता १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे. म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच! या खेपेला सारे मोबाइलवर. अ‍ॅप प्रगणकाच्या हातात, रेंज वर सड्यावर. मोजायला जायचे ते बहुधा शाळेच्या गुरुजींनीच, म्हणजे पटावरच्या सात पोरांना त्या दिवसांत सुट्टी. शिवाय आपली माहिती आपणच भरण्याची सोयही आहे. मुंबईतल्या थोरल्याने आपण गावीच राहतो असे भरले आणि गावातल्या धाकट्याने ते वाचले, तर चार गुंठ्यांवर नवा दावा दाखल होऊ नये म्हणजे मिळवली.