रिटर्न गिफ्टचा घरगुती धंदा

वाढदिवसाला आलेल्या मुलांना निघताना द्यायच्या पिशव्यांचा धंदा बहुधा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जन्माला येतो. भांडवल थोडे पुरते, उत्साह मात्र भरपूर लागतो. माल मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर, पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत डझनाने मिळतो. पिशवीत पेन्सिल, चॉकलेट, शिट्टी आणि युनिकॉर्नच्या आकाराचे खोडरबर असते. त्याने काही खोडले जात नाही, कागद तेवढा काळा होतो. शिट्टीची कल्पना ज्याला सुचली, त्याच्या घरात मुले नसावीत. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. घाऊक पुडक्यावर ते शोधायला भिंग न्यावे.

खरी कसोटी किमतीची. गिऱ्हाईक म्हणते, ‘शंभरात बसवा, पण दोनशेची दिसली पाहिजे.’ मग निम्मा खर्च चमकीचा कागद आणि रिबिनीवर जातो. आदल्या रात्री चार मुले वाढतात, ऐन वेळी सहा गळतात. त्यांच्या पिशव्या परत येतात, पैसे येत नाहीत. हिशेबात स्वतःची मजुरी धरायची पद्धत नाही. धरली तर नफा उरत नाही.