फेरफाराची वही

मानवाच्या उत्क्रांतीचा शोध घेण्यासाठी कोणी आफ्रिकेच्या दऱ्यांत उतरले, कोणी जावा बेटातील नदीकाठ उकरून काढले. मी मात्र त्या विषयाची पदवी पुण्याच्या विद्यापीठातून घेतली असली, तरी त्यातले जे काही मला खरोखर उमगले ते मौजे कोराडी येथे, आमच्या घराच्या ओसरीवर, गाव नमुना 6 च्या, म्हणजे फेरफाराच्या वहीच्या, आधाराने उमगले, ही गोष्ट मी परीक्षकांपासून आजतागायत दडवून ठेवली आहे.

बाबा पटवारी होते. सरकारदरबारी त्या हुद्द्याला तेव्हा तलाठी म्हणत. परंतु आमच्या मुलखात तलाठी हा केवळ शिक्क्यावर असे, खुर्चीवर बसे तो पटवारीच. त्यांची अर्धी हयात कोणाच्या नावची जमीन कोणाच्या नावे लागली हे लिहिण्यात गेली असल्यामुळे, माणूस कोठून आला हे शिकायला पोराने पुण्यापर्यंत जावे आणि त्यासाठी घरून दरमहा मनिऑर्डर मागवावी, हा प्रकार त्यांना अनाकलनीय वाटे. आजीचे मत अधिक निःसंदिग्ध होते. "पोट्टा माकडायचा अभ्यास करून राह्यला," असे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

1982 च्या नवरात्रात मी घरी आलो तो एक खलिता घेऊनच. आमच्या प्राध्यापकांनी प्रात्यक्षिकासाठी तीस नातलगांची मस्तके मोजून आणण्याचे फर्मावले होते, आणि कोराडीला जगदंबेच्या दर्शनाच्या निमित्ताने आमच्या ओसरीवर जेवढी मस्तके त्या नऊ दिवसांत गोळा होत, तेवढी एखाद्या संग्रहालयातही सापडली नसती. एका अंगाला देवळाकडे जाणाऱ्यांची रीघ, दुसऱ्या अंगाला 1974 पासून चालू झालेल्या वीज केंद्राची धुराडी, आणि मध्ये मी, हातात कवटी मोजण्याचा वक्र कंपास घेऊन उभा! डोक्याच्या रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले म्हणजे कपाल-निर्देशांक निघतो. मामांनी गंभीरपणे माप देऊन झाल्यावर "टोपी कवा भेटन मंग?" एवढेच विचारले. इरावती कर्वे यांनी बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजल्या आणि त्या मापांतून वंशश्रेष्ठत्वाचे गुरूंचे गृहीतक सिद्ध होत नाही, असे खुद्द गुरूंपुढे प्रबंधात लिहून दिले. मला माझ्या मापांतून मामांना टोपी मिळणार नाही, एवढे सांगण्याचेही धैर्य झाले नाही.

आजीने माझी खरी परीक्षा घेतली ती देवीच्या कथेवरून. कोराडीचे जुने नाव जाखापूर, तेथला राजा झोलन, त्याला सात पुत्र पण कन्या नाही, म्हणून त्याने तप केले आणि जगदंबा कन्या होऊन आली, ही कथा आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. मी विद्वत्तेच्या भरात सांगून गेलो, की लागोपाठ सात पुत्र होण्याचा संभव एकशे अठ्ठावीसांत एक असला, तरी आठव्या वेळी कन्या होण्याचा संभव पुन्हा निम्मानिम्माच राहतो, आणि पुत्र की कन्या हे ठरते ते बापाकडून आलेल्या गुणसूत्रावरून, आईकडे त्याचा काहीच इख्तियार नसतो. आजी वाती वळता वळता थांबली. पहिल्या तिन्ही मुलीच झाल्या म्हणून तिने सासूची बोलणी सात वर्षे खाल्ली होती. "म्हंजे राजाचंच होतं त सारं," ती म्हणाली, "हे तू पन्नास वर्षांआंधी काहून नाही सांगतलं बे?" तेव्हापासून माकडांचा उल्लेख तिने कायमचा सोडला.

बाबांचे मतपरिवर्तन होण्यास मात्र एक इंग्रजी शब्द कारण झाला. माझे पुस्तक चाळताना त्यांच्या नजरेस 'म्यूटेशन' हा शब्द पडला, आणि जुन्या इंग्रजी परिपत्रकांत फेरफाराला हाच शब्द असल्यामुळे ते एकदम सावरून बसले. पेशी दुभंगताना आनुवंशिक मजकुराची जी नक्कल होते, तीत एखादे अक्षर चुकते, आणि ती चूक पुढच्या पिढीच्या दप्तरी कायम होते, असे मी सांगितले. आताच्या हिशेबाने तीन अब्ज अक्षरांच्या त्या दस्तऐवजात प्रत्येक मूल साधारण साठ-सत्तर नवे फेरफार घेऊन जन्मते. एवढा आकडा तेव्हा मला ठाऊक नव्हता. पण तत्त्व ऐकूनच बाबा हवालदिल झाले. अर्ज नाही, नोटीस नाही, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत नाही, मंडळ निरीक्षकाची सही नाही, आणि तरी नोंद प्रमाणित? अशा दप्तराच्या भरवशावर मनुष्यजात उभी आहे, हे त्यांच्या मनाला फार लागले.

अक्षर चुकल्याने काय होते हे त्यांना समजावण्यासाठी मला दूर जावे लागले नाही, कारण विदर्भात सिकलसेल हा आजार घरोघरी ऐकू येणारा आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे इंग्रॅमने 1950 नंतरच्या दशकात दाखवले. त्या एका अक्षराने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि माणूस वेदनेने तळमळतो. पण तीच नोंद आईबापांपैकी एकाकडूनच आली, तर हिवतापाच्या घातक हल्ल्यापासून बचाव होतो, म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या खोडली गेली नाही. बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एका अक्षरानं आबाद झालेले आन् बरबाद झालेले, दोन्ही मी पाह्यले आहेत."

त्यांना सर्वांत पसंत पडला तो गुणसूत्रांचा हिशेब. माणसाची गुणसूत्रे अठ्ठेचाळीस, असे शास्त्रज्ञ अनेक वर्षे लिहीत होते, आणि 1956 साली त्जिओ व लेव्हान यांनी ती सेहेचाळीसच भरतात असे दाखवून दिले. चिंपांझीची मात्र अठ्ठेचाळीसच! आपल्या पूर्वजांची दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून एक झाली, त्याचा हा परिणाम. "म्हणजे तुकडेबंदी," बाबा समाधानाने म्हणाले. सरकारने जो कायदा 1947 साली केला, तो निसर्गाने लाखो वर्षे आधी अमलात आणला होता. पुढे त्याच डिसेंबरात नर्मदेच्या काठी हथनोऱ्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाची कवटी सापडली, आणि ती होमो इरेक्टसची की होमो सेपियन्सच्या आदिम शाखेची, यावर विद्वानांत वाद जुंपला, तेव्हा बाबांनी मला पत्र लिहून 'कब्जा कोणाचा?' एवढेच विचारले होते.

पण माझी खरी फजिती झाली ती अष्टमीला. फेनिलथायोकार्बमाइड नावाचे एक रसायन आहे. 1931 साली आर्थर फॉक्स नावाच्या रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत त्याची भुकटी उडाली, ती सहकाऱ्याला कडू लागली आणि फॉक्सला लागलीच नाही, तेव्हापासून ही चव आनुवंशिकतेच्या प्रात्यक्षिकांत शिरली. चव न लागणे हा गुण अप्रकट. तेव्हा आईबाप दोघांनाही चव लागत नसेल तर मुलालाही लागू नये, असे आमचे पुस्तक सांगे. मी त्या रसायनात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या चिंध्या प्रसादासारख्या वाटल्या. आजीने थुंकली, आत्याने थुंकली. काकू म्हणाल्या, "नुसता कागद हाय." काका म्हणाले, "मले त काईच नाही लागून राह्यलं." आणि त्यांचा धाकटा बंडू ओसरीवरून उडी मारून नळाकडे धावला, "कडू जहर हाय!" असे ओरडत.

माझ्या कपाळाला घाम फुटला. काकू साध्वी, काका सरळ, आणि माझ्या तक्त्यात मात्र एक अशी रेघ, जी विद्यापीठाला दाखवण्यासारखी नव्हती आणि घरात तर मुळीच नव्हती. पुढे प्राध्यापकांनी सांगितले, की हा नियम पुस्तकात दिसतो तितका काटेकोर नाही, अपवाद पुष्कळ. पण त्या क्षणी मला हे कोण सांगणार? मी वही मिटू लागलो. परंतु तक्त्यातली विसंगती ताडण्यात ज्यांची तीस वर्षे गेली, ते बाबा शेजारीच बसले होते. त्यांनी वही ओढून घेतली, रकान्यावर बोट ठेवले, काकूंकडे पाहिले नाही, बंडूकडे पाहिले नाही. फक्त काकांच्या फुगलेल्या डाव्या गालाकडे निरखून पाहिले.

"थुंक," ते म्हणाले.

काकांच्या गालात सकाळपासूनचा खर्रा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना यांच्या त्या लगद्याखाली त्यांच्या जिभेचा ताबा केव्हाच गेलेला होता. दुसऱ्या दिवशी, चहाच्याही आधी, बाबांनी त्यांना आपल्या देखरेखीखाली तीनदा चुळा भरायला लावल्या आणि स्वतः कागद दिला. "आरं बाप्पा! काय देल्लं बे हे!" काका अंगणभर थुंकत सुटले; काकू दारातून पाहत मनसोक्त हसल्या, अर्थात कशासाठी हे त्यांना ठाऊक नव्हते.

ती प्रात्यक्षिकाची वही मी तशीच सादर केली. काकांच्या नावापुढची पहिली नोंद लाल शाईने खोडलेली होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात बाबांच्या वळणदार मोडीवजा हस्ताक्षरात लिहिले होते: "हरकत : खर्रा. चौकशीअंती निकाली. वारस कायम." प्राध्यापकांनी त्याला दहापैकी नऊ गुण दिले.