नानांचं निंदणीकरण

लॅपटॉपच्या सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की आमच्या बिल्डिंगमध्ये दोनच उपाय. तिसऱ्या मजल्यावरचा बंड्या, नाहीतर तळमजल्यावरचे नाना. बंड्या बसल्या बसल्या दहा जीबी मोकळे करून देतो आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडत नाही. नानांच्या हातून लॅपटॉपला कधी धक्का लागलेला नाही. जागा होईलच, असंही मात्र नाही.

नानांची सगळी नोकरी अभिलेख कक्षात गेली. 'अ' वर्गाचा कागद कायम, 'ब' 30 वर्षं, 'क' 10, 'ड' एक वर्ष, ही त्यांची बाराखडी. 'क्लीनअप' हा शब्द ते तोंडातून काढत नाहीत, निंदणीकरण म्हणतात. येताना पट्टीने रकाने आखलेली वही आणतात. अनुक्रमांक, फायलीचं नाव, आकार, वर्ग, शेरा. कळफलकाला हात लावण्यापूर्वी निम्मं पान भरलेलं असतं, आणि तोवर आपला दुसरा चहा झालेला असतो.

"ही हायबरफिल डॉट सिस कोणाची? तीन जीबीच्या वर आहे."

"हायबरनेट करताना रॅममधलं सगळं तिथे उतरवून ठेवतात, नाना."

"म्हणजे कार्यभाराची यादी. तुम्ही करता हायबरनेट?"

"नाही हो."

"फास्ट स्टार्टअपची सवलतही यासोबत संपुष्टात येईल. हरकत असेल तर आत्ताच नोंदवा."

हरकत नाही म्हटल्यावर एका बोटाने 'पॉवरसीएफजी' टंकतात, पुढे 'एच ऑफ'. फाइल जाते. डिलीटचं बटण दाबून ती काढायची नसते, हे नाना तीनदा बजावतात. 'विंडोज'मधल्या 'इन्स्टॉलर' फोल्डरपाशी तर ते चप्पल काढायचेच बाकी राहतात. त्यातल्या फायली बंड्याने एका घरी उडवल्या होत्या. कित्येक दिवस कोणाला पत्ता नव्हता. मग एक जुना प्रोग्राम काढायला गेले, तर तो निघेना आणि दुरुस्तही होईना. नानांच्या वहीत शेरा आहे : "अ वर्ग. कायम. बंड्यास प्रवेश नाही."

विनएसएक्सएस फोल्डरचा फुगलेला आकडा पाहून मी एकदा घाबरलो होतो. नाना हसले. तिथल्या बऱ्याच फायली दोन ठिकाणी दिसतात, पण डिस्कवर एकदाच असतात, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. "उतारे दोन निघाले म्हणून जमीन दुप्पट होते का?" तिथे हात घालायचा नाही, डिसमची आज्ञा द्यायची, जुनं काय काढायचं ते विंडोजचं विंडोज बघतं. त्या आज्ञेला 'रीसेटबेस' जोडलं तर जागा आणखी होते, पण आधीचे अपडेट मग मागे घेता येत नाहीत. "अपिलाचा मार्गच बंद!" नाना म्हणाले. "तेवढे अधिकार मला नाहीत."

डिस्क क्लीनअपच्या यादीतल्या प्रत्येक खुणेचा खुलासा शेवटपर्यंत वाचणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. विंडोज 10 च्या काही आवृत्त्यांत त्या यादीत 'डाउनलोड्स' हीही ओळ होती. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सरसकट सगळ्या चौकोनांत खुणा केल्या आणि पॅनकार्डासकट वर्षाची बिलं घालवून बसल्या. नानांनी ती ओळ पाहताक्षणी चष्मा बदलून पुन्हा वाचली होती.

इतका जपून वागणारा माणूस, मग जागा का होत नाही? तर विंडोज डॉट ओल्डमुळे. मोठं अपडेट झालं की जुनी विंडोज त्या फोल्डरात पडून राहते, परतायची वेळ आली तर असावी म्हणून. दहा दिवसांनी ती आपोआप जाते. हे ऐकून नाना ताडकन उठले.

"दहा दिवस? अहो, 'ड' वर्गाचा कागदसुद्धा आम्ही वर्षभर सांभाळतो!"

आणि त्यांनी तो वीसेक जीबींचा गठ्ठा डी ड्राइव्हवर उतरवायला घेतला. डी म्हणजे त्याच डिस्कचा पलीकडचा कप्पा, हे त्यांना ठाऊक नाही असं नाही. पण दप्तर हलवल्याचं समाधान वेगळं. मध्येच 'परवानगी नाही'ची पाटी आली की नानांना कचेरीत बसल्यासारखं वाटतं. उत्साहाने ते नोंद करून घेतात. संध्याकाळी सी ची पट्टी निळी झाली, डी ची लाल.

परवा ते टेम्प फोल्डरही नकलून घेऊ लागले तेव्हा मात्र मला राहवेना.

"नाना, अहो त्या फायली तात्पुरत्या असतात. प्रोग्राम वापरून टाकून देतात. खुशाल काढा."

नानांनी पेनाचं टोपण लावलं.

"मी स्वतः 11 वर्षं तात्पुरत्या आस्थापनेवर होतो," ते म्हणाले. "दर मार्चला साहेब म्हणायचे, खुशाल काढा."

वहीत त्यांनी 'ड' खोडून 'क' केला आणि बाजूला सही केली.