किलोचा माल, नगाचा भाव

उल्हासनगरात भंगाराला दोन भाव. ओळख पटली नाही तर किलोवर, पटली तर नगावर. या दोहोंच्या फटीत एक जमात नांदते: विमानातल्या जुन्या घड्याळांचे पारखी.

यातले काका बहुधा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, तेही टूलरूममध्ये, जन्म काढलेले. घर बदलापूरला. रविवारी भाजीच्या पिशवीत भिंग आणि व्हर्नियर घालून उल्हासनगर कॅम्पात उतरतात. नुसत्या स्क्रूचे आटे पाहून, घड्याळ इंग्रजांचं की रशियनांचं, हे सांगतात. घरचे म्हणतात, त्यापेक्षा गवार कोवळी आहे का ते ओळखा.

या धंद्यातला पहिला नियम म्हणजे चेहरा कोरा ठेवणं. तिसऱ्या अध्यायाला पोचलेल्या सत्यनारायणाच्या यजमानासारखा. टोपलीत लाल चावी दिसते. रशियन एसीएचएस-1! मिग-21 च्या कॉकपिटमधलं घड्याळ! काका खोकून विचारतात, "किलोला काय?"

दुकानदार मान वर न करता म्हणतो, "वो ना? गॅस की शेगडी का नॉब है."

संपलं. कमी भावात घेऊन गप निघून जावं, तर तोंड कुठलं गप बसतंय!

"शेगडीचा? अरे, एका तबकडीत तीन घड्याळं असतात! मधे वेळ, वर उड्डाणाला किती वेळ झाला ते, खाली स्टॉपवॉच. ही डावी चावी, आणि ती फिरवायची उलटी! वर गारठ्यात चाकं आखडू नयेत म्हणून आत हीटर! तिकडे ओझरला एचएएलनं मिग बांधली..."

"अच्छा," दुकानदार म्हणतो, "फिर तो नग पे जाएगा."

त्याचंही बरोबरच आहे म्हणा. हे गावच लष्करी कल्याण कॅम्पात वसलं, 1949 साली उल्हासनगर झालं. शेजारी नेवाळीला महायुद्धातली धावपट्टी. त्यामुळे काळ्या तबकडीचं काहीही निघालं की ते 'लढाई का'. मग ते स्कूटरचं स्पीडोमीटर का असेना.

महायुद्धातली खरी तबकडी निघाली, तर मात्र काका दोन पावलं मागे सरतात. "काटे खरवडू नकोस, रेडियम आहे. चमक गेली तरी ते जात नाही. निम्मं व्हायलाच 1600 वर्षं लागतात."

"मतलब गॅरंटी 1600 साल?" दुकानदाराचे डोळे लकाकतात.

पुढच्या रविवारी एक पोरगा दुसरी लाल चावी उचलून किलोचा भाव विचारतो. दुकानदार पाठ केल्यासारखा सुरू होतो, "किलो कैसा, साईं? मिग का है. चावी उल्टी घूमती है. अंदर हीटर है."

काका शेजारीच उभे. गप राहायचं ठरवूनच आलेले.

"सत्तावीस व्होल्टचा," ते म्हणतात.