मुकादमाची लेक आणि तिची वीस पोरं

"ऐकलंस का गं, मुकादमाच्या पोरीला रातच्या अकरा वाजता पोरांचे फोन येत्यात."

आक्कांनी हे सांगितलं तेव्हा पोह्यांवरचं झाकण माझ्या हातात तसंच राहिलं. कांदा-बटाटा मार्केटात आमच्या दोघींच्या मधे एक लोखंडी पाइप आहे. अलीकडे माझी चहा-पोह्यांची गाडी, पलीकडे आक्का गोणपाटावर बसून कांदा निवडतात. पाइप कशासाठी लावला ते लावणाऱ्यालाच ठाऊक, आम्ही तो टेकायला वापरतो. भाव फुटून गेलेला, गाड्या खाली झालेल्या, त्यात श्रावण. श्रावणात अर्धी मुंबई कांदा सोडते, निदान चारचौघांत तरी. म्हणजे बोलायला वेळच वेळ.

"एकाचे की अनेकांचे?" मी विचारलं.

"वीस जणांचे! तिच्या आईनंच मोजल्यात."

"आणि बोलतात काय?"

"ताई, ताई म्हणत्यात."

"मग काळजी कसली, आक्का?"

"पयल्यांदा समदेच ताई म्हणत्यात," आक्का म्हणाल्या आणि एक नासका कांदा असा भिरकावला की मला त्या वीसांतल्या एकाची कीव आली.

मला खरी गोष्ट ठाऊक होती, पण लगेच सांगितली असती तर मजा गेली असती. मी आधी चहा गाळला. पोरगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा कॉलेजने तिला 'स्टुडंट मेंटर' केलंय, गळ्यात पट्टा, अंगात पिवळा टी-शर्ट. नवीन आलेल्या पोरांना कॉलेज दाखवायचं, वर्ग दाखवायचे, रडणाऱ्याला गप्प करायचं. हे कॉलेजच्या मनात आलं म्हणून नाही बरं का. दिल्लीच्या तंत्रशिक्षण परिषदेनेच ठरवून दिलंय की इंजिनिअरिंगला आलेल्या पोरांना एकदम गणितात ढकलू नका, आधी तीन आठवडे रुळू द्या. वीसेक पोरांमागे एक मास्तर आणि मदतीला वरच्या वर्गातली मुलं. बाकीच्या कॉलेजांसाठी यूजीसीने २०१९ साली असंच काढलं, त्याचं नाव दीक्षारंभ.

"दीक्षा? कुन्या म्हाराजाची?"

"म्हाराज नाही ओ, कॉलेजची."

"मग टाळ-बिळ न्हाई?"

"पिवळा टी-शर्ट आहे."

आता फोनांचं. परवा ती गाडीवर चहाला थांबली होती, तेव्हा माझ्यासमोरच तीन आले. पहिला म्हणाला, ताई, माझी सीट फ्रीझ झाली, आता काय करू? आक्कांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, बर्फात घातल्यावर काय करनार, बाहेर काढायची. मी समजावलं की फ्रीझ म्हणजे पक्की, आता हलायचं नाही. दुसरा फोन एका मुलीच्या बापाचा, जालन्याकडचा. सरकारने मुलींची फी माफ केली म्हणाले, मग हे पैसे कसले मागतात? तिने त्याला न कंटाळता सांगितलं. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं, पण पावतीवरच्या बाकीच्या ओळी आपल्याला भराव्या लागतात. कुठल्या ओळी, ते तिने त्याच्याकडून पावती वाचून घेत एकेक करून सांगितलं. चहा गार झाला. मी दुसरा दिला, पैसे एकाचेच घेतले.

तिसरा तर भारी. एका पोराच्या आईला वाटलं पोरगं पोलिसात अडकलं. कारण कॉलेजने रॅगिंगचं हमीपत्र मागितलं होतं, एक पोराचं आणि एक आईबापांचं. आपल्या राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तेवढंच त्या माउलीने वाचलं होतं! पोरगी म्हणाली, "काकू, तुमच्या मुलाने काही केलेलं नाही. त्याला कोणी काही करू नये म्हणून सगळ्यांकडून लिहून घेतात."

आणि रेल्वेच्या पासाचं सवलतीचं पत्र? ते कॉलेजच्या कुठल्या खिडकीवर मिळतं, कितीला उघडते, डबा खायला कधी बंद होते, हे सगळं तिला पाठ. पत्र घेऊन पोरं चार दिवस मिरवत बसतात, मग ते शिळं होतं आणि स्टेशनवर घेत नाहीत. मागच्या वर्षी तिचंच झालं होतं म्हणे, पण तेव्हा ताई म्हणायला कोणी नव्हतं.

"आनि पगार?" आक्का मुद्द्यावर आल्या.

"प्रमाणपत्र देतात."

"ते आमटीत घालायचं काय?"

आमच्या गल्लीतल्या एका शेटजींचा पुतण्या अमेरिकेत शिकतो. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत हेच काम पोरांना रीतसर पगारावर देतात, उन्हाळाभर राहायला खोलीसुद्धा. हे ऐकल्यापासून मुकादमाचं डोकं फिरलंय. तो म्हणतो, माझ्या टोळीत फुकट गोणी उचलतो का कोणी?

त्याचंही खरं आहे. तो पाटणचा. आल्या दिवशी गाववाल्याने त्याला हात धरून मार्केटात फिरवला होता. इथे झोपायचं, या खानावळीत उधारी चालते, त्या दलालाच्या वाटेला जायचं नाही. त्याबद्दल गाववाल्यालाही कोणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं, हे मी म्हटलं तर मुकादम दोन दिवस माझ्याकडे चहाला आला नाही.

आणि मग मंगळवारी कहर झाला. त्या तीन आठवड्यांत पोरांना आसपासचा परिसर दाखवायचा असतो. बाकीच्या ताई-दादांनी आपापली पोरं मॉलच्या आणि खाडीच्या बाजूला नेली. ही आपली वीस पोरं घेऊन थेट कांदा-बटाटा मार्केटात! सकाळी नऊला, ऐन गर्दीत. एक पोरगं मोबाइल धरून गल्लीच्या मधोमध उभं, मागून हातगाडी. ही ओरडली, "बाजूला हो! हातगाडीला ब्रेक नसतो, तुला आहे!"

मी आणि आक्का पाइपाला टेकून बघत होतो. वर्षभर हिने कॉलेजात बाप काय करतो ते कोणाला सांगितलं नव्हतं, असं तिची आई म्हणते. आयांचं काय, त्या काहीही म्हणतात. पण त्या दिवशी ही धडाधड बोलत होती. मसजिद बंदरवरून कांदा-बटाटा इकडे आला. मग १९९६ ला भायखळ्याची भाजी आणि क्रॉफर्ड मार्केटची फळंही आली. १९६९ चा माथाडी कायदा, त्यासाठी लढलेले अण्णासाहेब पाटील, टोळी म्हणजे काय, मुकादम म्हणजे काय. मुकादमावर येऊन थांबली आणि बोट केलं, "हे माझे पप्पा."

मुकादमाच्या पाठीवर गोणी होती. पन्नास किलोची. त्याने ती आधी थप्पीला लावली, मग मान हलवली.

एका पोराने विचारलं, काका, पावसाळ्यात कांदा येतो कुठून? झालं! मुकादम सुटला. हा उन्हाळी कांदा, नाशिक-जुन्नरच्या चाळीत एप्रिलपासून पडलेला. पावसाची ओल लागली की कोंब फुटतो, सडतो, म्हणून तर या बाया निवडायला बसल्यात. वीसच्या वीस पोरं आक्कांकडे वळली, मोबाइल वर झाले. आक्कांनी पदर सारखा केला. अर्धा तास गल्ली तुंबली, दोन टेम्पोवाले शिव्या घालत होते, पण मुकादमाच्या लेकीला कोण बोलणार?

जाताना त्यांनी माझ्याकडे पोहे खाल्ले. एकवीस प्लेट. पैसे तिने सगळ्यांकडून गोळा करून दिले, हिशोब चोख.

"आता काय म्हणता आक्का, फोनांबद्दल?"

"पोरं बरी हायती," आक्का म्हणाल्या. "त्यातलं एक उंच हाय, ते मातुर जरा जास्तच ताई ताई करतंय."

शनिवारी परत येणारेत, फळ मार्केट बघायला. वीसाच्या वीस जणांना हापूस खायचाय. आंबा कधीच संपला म्हणावं, आता सफरचंदावर भागवा.