केरीची उलटी प्रदक्षिणा

आयर्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात ‘रिंग ऑफ केरी’ नावाचा सुमारे 179 किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता आहे. तो पाहायचा तर गाइडवाल्या बसमधूनच, असं माझं ठाम मत आहे. स्वाभिमानी माणसाला ते पटत नाही. आयरिश लोकही आपल्यासारखेच डावीकडून गाडी चालवतात, मग भाड्याची मोटार घेऊन मोकळं का हिंडू नये, असा त्याचा सवाल. अडचण कुंपणांची आहे. रस्ते अरुंद, आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही अंगांना दगडी बांध, नाहीतर फ्यूशियाची गच्च झुडपं. मोटारीतल्याच्या वाट्याला फ्यूशिया येते. बसमधला उंचावर बसलेला असतो, त्याला पलीकडचा समुद्र दिसतो. शिवाय बसगाड्या समोरासमोर येऊन अडकू नयेत म्हणून किलार्नी गावाहून त्या घड्याळाच्या उलट दिशेनेच निघतात. (उलटी प्रदक्षिणा आपल्याकडे निषिद्ध, तिथे तो वाहतुकीचा शिरस्ता.) मोटारवाल्याने तीच दिशा धरली तर बसची पाठ पाहत जायचं, दुसरी धरली तर वळणावळणावर तिचं तोंड. निवड मात्र त्याची स्वतःची!

बसमध्ये कुठे थांबायचं ते दुसराच ठरवतो, हे खरं. पण 1861 साली किलार्नीला आलेल्या व्हिक्टोरिया राणीची बडदास्तही मक्रॉस हाउसच्या हर्बर्ट कुटुंबाने आधीपासून आखूनच ठेवली होती. तिच्यासोबतच्या मानकरणी तळ्यांच्या देखाव्यावर लुब्ध झाल्या आणि त्या जागेला ‘लेडीज व्ह्यू’ नाव पडलं. म्हणजे नाव लागलं ते राणीचं नव्हे, ग्रुपचं. याच रस्त्यावरच्या वॉटरव्हिलला चार्ली चॅप्लिन 1959 मध्ये सुटीसाठी आला, पुढेही येत राहिला. आता तिथे त्याचा पुतळा आहे. पुतळ्याशेजारी फोटो काढायला पंधरा मिनिटं पुरतात. अर्धा तास मिळाला की माणसं लोकरी स्वेटर विकत घेतात.

ड्रायव्हर, जो बहुधा गाइडही असतो, थापा मारतो, अशीही तक्रार असते. मारत असेलही. पण अटलांटिकवरून ढग आत आले की खिडकीत पांढऱ्याशिवाय काही उरत नाही आणि देखावा त्याच्या तोंडूनच ऐकावा लागतो. आणि खरं तरी कुठे खरं वाटतं? वाटेवरच्या किलॉर्ग्लिनला दरवर्षी 10 ते 12 ऑगस्टला जत्रा भरते. डोंगरातून रानबोकड पकडून आणतात आणि राणी झालेली शाळकरी मुलगी त्याला राजा म्हणून मुकुट घालते. इंग्रज सेनापती क्रॉमवेलचं सैन्य येत असल्याची वर्दी बोकडानेच दिली होती, अशी एक दंतकथा आहे. एवढं ऐकून बस खो खो हसते आणि काही केल्या ते खरं मानत नाही. मग गाइड लेप्रेकॉन नावाच्या बुटक्या चांभाराची गोष्ट काढतो. तो नेमका कुठे राहतो, याची मात्र चौकशी होते.